पाट्या नंतर लाव, आधी खड्डे खण

पत्र

ताई, नमस्कार. मी पवन मावळातला. पवना धरणाच्या काठाला आमची वडिलोपार्जित जमीन, बरीचशी धरणात गेली, राहिलेल्या पावणेदोन एकरात मी सहा वर्षांपूर्वी टेंट लावले. आज २५ टेंट आहेत, शनिवारी ६० च्या आसपास माणूस असतं, घर त्यावरच चालतं, भात खाण्यापुरता. पण रविवारी सगळे गेले की मागे जे उरतं ते बघवत नाही. बाटल्या, कागदी प्लेटा, ग्लास, चिप्सच्या पुड्या. पोरं सोमवारी सकाळी मागच्या खड्ड्यात टाकून पेटवून देतात. धूर शाळेच्या पटांगणातून दिसतो, मुलगी चौथीत आहे, मैत्रिणी तिला म्हणतात, बघ तुमचा धूर. परवा आबांच्या म्हशी काठाला पाणी प्यायला तयार नव्हत्या, त्यावरून आबा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मी पाट्या लावल्या, 'कचरा करू नका', 'पाणी जपून वापरा', कोणी वाचत नाही. नुसत्या प्लेटा-ग्लासांना महिन्याला सहा-सात हजार जातात. शेजारचा ९९९ मध्ये बार्बेक्यू, डीजे सगळं देतो, मी कडक झालो तर गिऱ्हाईक तिकडे जाणार. इको-फ्रेंडली करायचं तर सुरुवात कुठून करू आणि लोकांना सवय कशी लावू? तुम्ही आधी ट्रेक न्यायचात म्हणून तुम्हालाच विचारतोय. वयाने लहान आहे, अरे-तुरेच करा.

उत्तर

अरे-तुरे करायला सांगितलंस ते बरं केलंस, कारण मला तुझ्याशी जरा घरच्यासारखं बोलायचंय.

पत्र दोनदा वाचलं. त्यात बाटल्या आल्या, प्लेटा आल्या, चिप्सच्या पुड्यासुद्धा आल्या, पण संडास एकदाही आला नाही. ६० माणसं शनिवारी दुपारी येतात आणि रविवारी सकाळी जातात, त्यांचं सगळं जातं कुठे? आणि ६० जणांच्या खरकट्या भांड्यांचं, आंघोळीचं पाणी कुठे जातं? म्हशींनी तोंड फिरवलं ना, ते बाटल्या बघून नाही फिरवलं. जनावराला वास कळतो. माझा अंदाज असा की तुझ्याकडे सिमेंटच्या रिंगा टाकून केलेला एकच खड्डा आहे, तो काठाजवळ आहे कारण टेंटही काठाजवळ आहेत, आणि मोरीचं पाणी उतारानेच खाली जातं. चूक असेल तर मला खूप आनंद होईल, पण तळ्याकाठच्या बऱ्याच कॅम्पवर मी हेच पाहिलंय.

हे पाणी पुढे कुठे जातं ते तुला माहितीच आहे, तरी एकदा लिहिते. धरणातून नदीत, नदीतून रावेतच्या बंधाऱ्यात, तिथून उचलून, शुद्ध करून पिंपरी-चिंचवडच्या नळाला. तुझे निम्मेअधिक पाहुणे निगडी, चिंचवड, वाकड, पिंपळे सौदागरहूनच येत असणार. म्हणजे जो माणूस शनिवारी तुझ्या मोरीत साबणाचा फेस करतो त्याच्याच घरच्या नळाला हे धरण आहे. आणि याच पाण्याच्या पाइपलाइनवरून ९ ऑगस्ट २०११ ला बऊरजवळ हायवेवर आंदोलन करणाऱ्या शेतकऱ्यांवर पोलिसांचा गोळीबार झाला, मावळातली तीन माणसं गेली. तू तेव्हा कॉलेजच्या वयाचा असशील, तुला ते माझ्यापेक्षा जास्त आठवत असेल. ज्या पाण्यासाठी तुमच्या आबांच्या पिढीने जमीन दिली आणि नंतर एवढं सोसलं, ते पाणी वीकेंडच्या धंद्यात खराब व्हावं हे मला सहन होत नाही, आणि पत्रावरून वाटतं की तुलाही होत नाहीये, नाहीतर तू लिहिलंच नसतंस.

मी स्वतः हे सगळं बरोबर करत होते असं नाही. ट्रेकचा ग्रुप चालवायचे तेव्हा एका पावसाळ्यात आम्ही राजगडावर ७० माणसं नेली, मुक्कामी. प्लास्टिक आम्ही सगळं गोळा करून पोत्यात भरून खाली आणलं, फोटो काढले, मला फार अभिमान वाटला होता. आणि सकाळी पद्मावती माचीवरून फिरताना बघितलं तर तळ्याच्या वरच्या उताराला झुडपांमागे सगळीकडे आमच्याच माणसांची घाण, वरून पाऊस चालू, आणि ते सगळं ओघळून खाली जाणार. ७० माणसं रात्री जाणार कुठे याचा विचारच आम्ही कोणी केला नव्हता. तेव्हापासून डोंगरात आम्ही नियम केला की पाण्यापासून ६० मीटर, म्हणजे दोनशे फूट लांब, वीतभर खोल खड्डा, वर माती, आणि एका ग्रुपमध्ये २० च्या वर माणूस नाही. तो नियम तुझ्या कॅम्पला जसाच्या तसा लागू होणार नाही कारण तुझ्याकडे दर आठवड्याला त्याच जागी माणसं येतात, पण पाण्यापासून लांब हे मात्र तसंच लागू आहे.

म्हणून माझं म्हणणं असं आहे, पाट्या राहू देत बाजूला, आधी खड्डे खण.

दोन खड्ड्यांचा संडास तुला माहीत असेल, गावागावात सरकारी योजनेत झालेत. एक खड्डा वापरात, भरला की मधल्या चेंबरमधून तोंड दुसऱ्याकडे वळवायचं, पहिला दीड-दोन वर्षं झाकून ठेवायचा, आतला मैला कुजून कोरडं खत होतं, वास राहत नाही, शेतात घालता येतं. तुझ्या गर्दीला असे चार-पाच तरी लागतील आणि खड्डे घरगुती मापापेक्षा मोठे, हे गवंड्याच्या अंदाजावर सोडू नकोस, पंचायत समितीत पाणी-स्वच्छतेचं काम बघणारे असतात त्यांच्याकडून माप घे. खड्ड्याचा तळ जमिनीतल्या पाण्याच्या निदान दोन मीटर वर राहायला हवा, आणि मावळात पावसाळ्यात जमीन कशी तुडुंब होते ते तुला सांगायला नको, त्यामुळे जागा सगळ्यात वरच्या अंगाची निवड, काठाची नाही. आत ॲसिड, फिनेल ओतायचं नाही, त्याने कुजवणारे जिवाणूच मरतात आणि मग वास यायला लागतो, मग लोक अजून फिनेल ओततात. ब्रशने घासायचं, बस.

आणि भांडं गावाकडचं बसव, तीव्र उताराचं, दीड-दोन लिटर पाण्यात साफ होणारं. हिशोब करून बघ. ६० माणसं, चार-चार वेळा, २४० वेळा. दहा लिटरची टाकी असेल तर एका मुक्कामाला २४०० लिटर गेलं, दोन लिटरचं भांडं असेल तर ४८०. जेवढं पाणी कमी जातं तेवढा खड्डाही उशिरा भरतो, तेवढी मोटारही कमी चालते. वयस्कर माणसांसाठी, गुडघे दुखणाऱ्यांसाठी एक-दोन कमोड ठेवच, त्यात मागेपुढे बघू नकोस.

बायकांच्या संडासात झाकणाचा डबा आणि शेजारी जुन्या वर्तमानपत्राचे कापलेले कागद ठेव, पॅड गुंडाळून टाकायला. हे कोणी तोंडाने मागत नाही, आणि डबा नसला की पॅड खड्ड्यात जातं आणि मग सगळं तुंबतं. एवढ्या एका डब्याने तुझे निम्मे त्रास वाचतील आणि कितीतरी बायका मनातल्या मनात तुला दुवा देतील.

मोरीच्या पाण्याचं तर तुझ्या आजीनेच सोडवून ठेवलंय. जुन्या घरामागे मोरीचं पाणी जिथे जायचं तिथे काय असायचं? अळू, कर्दळ, केळी. तेच आता मोठं करायचं. आधी जाळी, खरकटं अडवायला. मग एक छोटी टाकी, जिच्यात तेल वर तरंगतं आणि खालून पाणी पुढे जातं, ते तेल आठवड्याला काढायचं. मग खडी-वाळूचा लांबट वाफा, त्यात कर्दळ दाटीने, आणि शेवटी केळी. भांड्यांना साबण कमीत कमी, आधी राखेने तेलकटपणा काढून मग साबण लावला तर निम्म्यात होतं. आंघोळीला शॉवर काढून टाक, बादली दे. थंडीत गरम पाण्याची बादली मिळाली की माणूस शॉवर विसरतो, हे मी खात्रीने सांगते.

इथे एक कडू गोष्ट सांगायला हवी. धरणाच्या बुडिताची जमीन, म्हणजे पाणी उतरल्यावर जी उघडी पडते ती, जलसंपदा खात्याची असते. तुझ्या पहिल्या दोन रांगा तिथे असतील तर त्या मागे घे, कोणी नोटीस द्यायची वाट बघू नकोस. अगदी पाण्याला लागून टेंट ही फोटोची हौस आहे, पण रात्री माणूस उठून टेंटच्या मागेच जातो, आणि टेंटच्या मागे धरण असतं. शिवाय अंधारात, प्यायलेली माणसं, खोल पाणी. लाईफ जॅकेटशिवाय पाण्यात कोणी उतरणार नाही आणि अंधार पडल्यावर तर अजिबातच नाही, यात गिऱ्हाईक गेलं तर जाऊ दे. राज्याचं साहसी पर्यटनाचं धोरण २०२१ पासून आहे, पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी असते, कयाक-बोटी चालवत असशील तर ती करून घे.

आता प्लेटा.

६० माणसं, चहा-भजी, बार्बेक्यू, जेवण, नाश्ता, एका मुक्कामाला २४० प्लेटा आणि तेवढेच ग्लास. वर्षाला ४० शनिवार धरले तर ९६०० प्लेटा, तेही फक्त शनिवारचे. कागदी ग्लासाला आतून प्लास्टिकचा पापुद्रा असतो, चमकदार प्लेटांनाही असतो, म्हणून ते कुजत नाही आणि जाळलं तर तो धूर. थर्माकोल आणि एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या प्लेटा-चमच्यांवर तर राज्यात २०१८ पासून बंदी आहे, पहिल्यांदा सापडला तर ५ हजार दंड, दुसऱ्यांदा १० हजार, तिसऱ्यांदा २५ हजार आणि तीन महिने कैद. बाजारात आता मक्याच्या स्टार्चचे म्हणून ग्लास मिळतात, 'विरघळणारे' म्हणून, ते घेऊ नकोस, ते कारखान्यासारख्या उष्णतेच्या खतात कुजतात, तुझ्या शेतातल्या खड्ड्यात वर्षभर तसेच पडून राहतील.

स्टीलची ताटं घे. पुण्यात रविवार पेठेत भांडी किलोवर मिळतात, ८० ताटं, ८० वाट्या, ८० ग्लास, एकदाच. आणि जे सहा-सात हजार महिन्याला प्लेटांवर जातात ना, ते तसेच जाऊ देत, फक्त दुकानात न जाता गावातल्या बचत गटातल्या दोन बायकांकडे जाऊ देत, शनिवार रात्र आणि रविवार सकाळ भांडी घासण्याचे. आठवड्याला दीड हजार होतात. पण त्यांना उकिडवं बसवून थंड पाण्यात घासायला लावू नकोस, उभ्याने घासता येईल असा ओटा बांध, गरम पाणी दे, हातमोजे दे. खर्च तोच राहतो, पैसा गावात राहतो आणि सोमवारी जाळायला काही नसतं. मला तुझ्या सगळ्या प्रश्नांमध्ये हा एक भाग सगळ्यात सोपा वाटतो, याला उद्यापासून सुरुवात कर. जास्तीची गर्दी असेल त्या दिवसापुरत्या पळसाच्या पत्रावळी आणि द्रोण, ते थेट खतात जातात, म्हशीही खातात.

बाटल्या विकणं बंद. पाणी उकळून किंवा फिल्टर करून दोन मोठ्या स्टीलच्या टाक्या आणि उन्हाळ्यात माठ, आणि ते टेंटच्या वाटेवरच ठेव, किचनच्या मागे नको. लोक बाटली विकत घेतात कारण पाणी भरायची जागा दिसत नाही किंवा स्वच्छ वाटत नाही. टाकी चकचकीत असली, शेजारी झाकलेले ग्लास असले की कोणी वीस रुपये काढत नाही. काचेच्या बाटल्या काठावर नेऊ द्यायच्या नाहीत, म्हशींच्या खुरांना काच लागते ते आबांनी तुला सांगितलंच असेल. चिप्सऐवजी भाजलेले शेंगदाणे, चिवडा, पावसात कणीस. तरी लोक बरोबर घेऊन येणारच, तर येतानाच प्रत्येक टेंटला एक कापडी पिशवी दे, 'आणलेलं यात भरा आणि जाताना दाखवा', आणि शंभर रुपये डिपॉझिट. सुरुवातीला तोंडं वाकडी होतील, दोन महिन्यांत कोणाला काही वाटणार नाही.

ओला कचरा नाडेप टाक्यात घाल. यवतमाळ जिल्ह्यातल्या पांढरीपांडेंनी काढलेली पद्धत, दहा फूट लांब, सहा रुंद, तीन उंच, विटांच्या जाळीदार भिंती, थर कचरा, थर शेण-माती, तीन-चार महिन्यांत खत. आबांना हे तुझ्यापेक्षा चांगलं जमेल, त्यांच्याकडेच दे हे काम. आणि बोलणं सुरू व्हायलाही बरं. उरलेलं सुकं, म्हणजे बाटल्या, डबे, पुठ्ठा, वेगळं करून भंगारवाल्याला. चिप्सच्या पुड्यांचं खरंच काही होत नाही, त्या पाहुण्यांबरोबर परत गेल्या पाहिजेत. आणि सोमवारचं जाळणं याच आठवड्यात बंद, बाकी सगळं हळूहळू केलंस तरी चालेल, हे मात्र लगेच. त्या धुरात प्लास्टिकचं विष असतं आणि तो शाळेवर जातोय.

शेकोटी लोकांना हवीच असते आणि मलाही आवडते, उगाच खोटं कशाला बोलू. पण प्रत्येक टेंटला एक नको, सगळ्यांची मिळून एक, गोलात बसून. लाकूड डोंगरावरचं नाही, ऐन-हिरडा तोडून आणलेलं तर नाहीच, बांधावरची सुबाभूळ छाटली की पुन्हा फुटते, ती वापर, गोवऱ्या वापर. फेब्रुवारी ते मे गवत वाळलेलं असतं तेव्हा वारा असेल त्या दिवशी शेकोटी नाही म्हणजे नाही, एक ठिणगी आणि वणवा तिकोन्यापर्यंत जाईल.

डीजेबद्दल तुला फार विचार करायची गरज नाही, रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर स्पीकर लावायला २००० सालच्या नियमांनीच बंदी आहे. शेजारचा लावतो म्हणून आपण लावायचं हे तुलाही पटत नसणार. मी तर म्हणेन दिव्यांच्या माळासुद्धा साडेदहाला बंद कर, वाटेवर खाली तोंड केलेले मंद पिवळे दिवे तेवढे ठेव. मे संपता संपता, पावसाच्या आधी, मावळात काजवे दिसतात. काजव्याची अळी महिनोन् महिने जमिनीत, पालापाचोळ्यात असते, गोगलगाई खाऊन वाढते, आणि मग पंख फुटल्यावर जेमतेम दोन-तीन आठवडे मिळतात, त्यात नर लुकलुकून मादीला शोधतो. आजूबाजूला रात्रभर लख्ख उजेड असला की ते एकमेकांना दिसतच नाहीत. तुझ्या वरच्या अंगाला झाडं आहेत का? हिरडा, जांभूळ, उंबर असतील तर खालचा पाला झाडू नकोस, तिथे टेंट लावू नकोस, बॅटऱ्या घेऊन कोणाला त्यात घुसू देऊ नकोस. शहरातल्या पोराला आयुष्यात पहिल्यांदा अंधार दिसतो तो तुझ्याकडे, ते बघून त्याची बोलती बंद होते, मी अशी कितीतरी पोरं पाहिलीयेत.

आता सवयीचं. तू विचारलंयस लोकांना सवय कशी लावू, आणि पाट्या कोणी वाचत नाही म्हणतोस. बरोबर आहे, घरी पाहुणा आला की आपण भिंतीवर पाटी लावतो का, चपला बाहेर काढा म्हणून? उंबऱ्यापाशी चार चपला काढलेल्या दिसल्या की तो आपोआप काढतो. तुझ्या कॅम्पवरही तसंच होईल. ग्लासावर नंबर घाल, आल्या आल्या प्रत्येकाच्या हातात त्याचा ग्लास, मुक्कामभर तोच, हरवला तर त्याचा तो शोधेल. जेवण झालं की खरकटं एका टबात काढायचं, ताट दुसऱ्यात ठेवायचं, टब जेवणाच्या जागेतून उठताना समोरच दिसले पाहिजेत. सप्त्यात नाही का आपण सगळे उठून आपापली पत्रावळ उचलतो, कोणी सांगावं लागत नाही, कारण पुढचा उचलतोय. पहिल्या पंगतीला तुझी पोरं आणि तू स्वतः जेव, आणि उठून ताट टबात ठेव. बाकीचे ठेवतील.

बोलायचं एकदाच, पोचल्यावर चहा देताना, तूच, पोरांना पाठवू नकोस. पाच मिनिटं. रावेतचं सांग. 'हे धरण तुमच्या घरच्या नळाचं आहे' एवढं एक वाक्य पुरे, त्यानंतर मोरीतल्या साबणाबद्दल वेगळं काही सांगावं लागणार नाही. मग आमची जमीन यात गेलीये हेही सांग, तुला बरं वाटत असेल तर. आणि जिथे तूच अजून चुकतोस तिथे लपवू नकोस, म्हण की अजून जनरेटर डिझेलवर आहे, पुढच्या वर्षी सोलर घेणार आहे. लोकांना खरं बोलणारा माणूस कळतो. मात्र बोर्डावर 'इको-फ्रेंडली' लिहायची घाई नको, खड्डे होऊन एक पावसाळा जाऊ दे, मग काय केलंय ते लिही, विशेषण नको.

ते घरी गेल्यावर काय करतात ते आपल्या हातात नाही, पण काहीतरी राहतं. आमच्या सोसायटीत हळदीकुंकवाला, वाढदिवसाला कायम कागदी प्लेटा असायच्या. एका मैत्रिणीने अशाच कुठल्यातरी मुक्कामाहून आल्यावर ग्रुपवर टाकलं की आपण शंभर ताटं मिळून घेऊया का. वर्गणी काढली, घेतली, आता ती क्लबहाउसच्या कपाटात असतात, ज्याच्याकडे कार्यक्रम तो वहीत नाव लिहून नेतो आणि घासून परत ठेवतो. चार वर्षं झाली, दोन ताटं हरवली फक्त. तिला कोणी भाषण दिलं नव्हतं, तिथे दोन दिवस स्टीलच्या ताटात जेवली एवढंच.

आणि ९९९. मला माहितीये पत्र लिहिताना तुझा खरा घोर हाच होता.

त्या भावाशी तू लढू नकोस, त्या भावात तुला कचरा उचलायला पैसेच उरत नाहीत, म्हणून तर तो खड्ड्यात जातो. ६० माणसं ९९९ ने म्हणजे साधारण ६० हजार. ३६ माणसं १६०० ने म्हणजे ५७ हजार ६००. आणि ३६ माणसांना चिकन कमी, पाणी कमी, डिझेल कमी, पोरं कमी लागतात, संडासही कमी पुरतात. २५ चे १५-१६ टेंट कर, मधे जागा सोड. लगेच होणार नाही, पहिले दोन-तीन महिने बुकिंग पडेल, त्याची तयारी ठेव, कर्ज असेल तर आधी पावसाळ्यानंतरच्या सीझनला थोडे टेंट कमी करून बघ. पण १६०० देणारा माणूस वेगळा असतो, तो लहान मुलं घेऊन येणारा असतो, बायकांचा ग्रुप असतो, लोहगड-विसापूर, तुंग-तिकोना करायला येणारे असतात. लोहगड २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलाय, तिथे आता बाहेरूनही माणूस येतंय आणि त्याला डीजे नकोय, त्याला झोप हवीये. त्याला तुझ्या शेतातला इंद्रायणी भात, आमटी, भाकरी, ठेचा वाढ. शहरात इंद्रायणीच्या नावाने काय काय विकतात, आणि तुझ्याकडे तर तो दारात पिकतो, वडगावच्या संशोधन केंद्रात तयार झालेलं वाण, मावळचाच भात, आणि तू पाहुण्यांना बाजारच्या नूडल्स घालत असशील.

कमी माणसांत भागतं का, तर भागतं. रत्नागिरी जिल्ह्यातलं वेळास बघून ये, मार्च-एप्रिलमध्ये जा. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ मध्ये तिथे कासवाची अंडी जपायला सुरुवात केली, २००६ पासून कासव महोत्सव होतो. पाहुणे गावकऱ्यांच्या घरात राहतात, घरात शिजेल ते जेवतात, सकाळ-संध्याकाळ किनाऱ्यावर शांत उभे राहून पिल्लं समुद्रात जाताना बघतात. कासव जगलं तरच घरात पाहुणा येणार हे तिथे घरोघरी समजतं. साताऱ्याच्या कास पठारावर, जिथे लोक रानफुलं बघायला जातात, दिवसाला किती माणूस सोडायचं याची मर्यादा घातली, ३ हजारांची, तरी लोक बुकिंग करून जातातच. तुझ्या गावातही तीन-चार घरं मुक्कामी पाहुणे घ्यायला तयार होतील, त्यांना जोडून घे, टेंट कमी झाले तरी माणसं गावात राहतील आणि सगळं ओझं काठावर येणार नाही.

शेजाऱ्याशी बोल. भांडायला नको, कचऱ्याच्या गाडीसाठी बोल. काठावरच्या सगळ्या कॅम्पवाल्यांनी मिळून ग्रामपंचायतीकडे दर सोमवारची एक गाडी मागितली तर ती येईल, एकट्याने मागितली तर येणार नाही. त्याची म्हैस पण तेच पाणी पिते.

आता या आठवड्यात काय करायचं ते लिहिते. जाळणं बंद. ताटं. पॅडचा डबा. आणि आबांकडे जा, त्यांना विचार की तुमच्या जमिनीत जुनी विहीर किंवा खड्डा आहे का, आणि जुलै-ऑगस्टमध्ये त्यात पाणी जमिनीपासून किती फुटांवर येतं. त्यांना नक्की माहीत असणार, त्यांनी आयुष्यभर तेच बघितलंय. ती जागा, काठापासूनचं अंतर पावलांनी मोजून, आणि पाण्याची खोली, एवढं मला कळव. संडासाचे खड्डे कुठे आणि किती खोल खणायचे ते त्यावरून ठरवू, आणि ते दिवाळीच्या गर्दीच्या आत व्हायला हवेत.

— तुझी ताई